अर्ज न केलेला माणूस

कोच जाणार हे रवींद्र इंगवलेला बहुतेक वेळा कोचच्या बायकोच्याही आधी कळायचं. सिंगापूरच्या बिशानमधल्या त्या ज्युनिअर कॉलेजातून अकरा वर्षांत चार हेड कोच गेले होते आणि जाण्याची लक्षणं आता त्याला पाठ होती. पहिलं लक्षण म्हणजे कोच त्याचं कौतुक करायला लागतो. "रवी, यू आर द हार्ट ऑफ धिस टीम," असं एखादा आठवड्यात तीनदा म्हणाला की ओळखायचं, गड्यानं कुठंतरी इंटरव्ह्यू दिलाय. मग सराव चालू असताना फोन येतात आणि ते घ्यायला तो गोलपोस्टच्या मागं थेट तारेच्या कुंपणापर्यंत चालत जातो. शेवटचं लक्षण सगळ्यात खात्रीचं. एक दिवस तो कपाटातली ट्रॉफी बाहेर काढायला लावतो आणि तिच्याबरोबर फोटो काढून घेतो. फोटो काढायला अर्थातच रवींद्र असतो. त्यामुळं गेलेल्या चारही कोचांचे फोटो रवींद्रच्या फोनमध्ये आहेत आणि रवींद्रचा ट्रॉफीबरोबर एकही नाही.

पहिला इंग्रज होता, तो बँकॉकच्या शाळेत गेला. दुसरा जोहोरच्या क्लबात. तिसरा चीनमधल्या कुठल्याशा अकादमीत गेला. जाताना पोरांसमोर ढसाढसा रडला आणि नंतर महिन्याभरात रवींद्रच्या मेसेजला उत्तर द्यायचा बंद झाला. चौथ्यानं तर स्पर्धेच्या मध्यावरच बॅग उचलली. प्रत्येकाला केक, प्रत्येकाचं भाषण, भाषणात "वी आर फॅमिली" हे वाक्य, आणि संध्याकाळी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमका बाहेर पडला अशी बारीक करडी ओळ.

त्या ओळीनंतर टीम रवींद्रकडं यायची. एक महिना, दोन महिने, नवीन कोच मिळेपर्यंत. या मधल्या महिन्यांत टीम फारशी हरायची नाही. हे कॉलेजात कुणी मोजलं नव्हतं. रवींद्रनं मोजलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. मग नवीन कोच यायचा, रवींद्र त्याला मैदानाच्या कडेला उभा करून सांगायचा, हा डावखुरा, हा रागीट, याचा बाप आजारी आहे, याला ओरडू नका. नवीन कोच मान डोलवायचा आणि पहिल्याच दिवशी नेमकं त्यालाच ओरडायचा.

पाचवा अंकुर केतकर. वय एकतीस, जन्म पुण्याचा, वाढ बिशानची. कोचिंगची मोठी लायसन्सं त्याच्याकडं होती आणि आईनं घरात जपलेलं मराठीही होतं. हुद्द्यानं साहेब असूनही तो रवींद्रला काका म्हणायचा, आणि जगात असा साहेब विरळाच, जो असिस्टंटच्या घरी येऊन काकूंच्या हातची आमटी दोनदा मागून खातो. रवींद्रचा त्याच्यावर जीव होता. म्हणूनच ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी सराव संपल्यावर अंकुर मैदानावरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करायला स्वतः वाकला तेव्हा रवींद्रनं तिकडं बघायचं टाळलं.

"काका, एक बोलायचं होतं."

"कुठली शाळा?" रवींद्र म्हणाला.

अंकुर वाकलेलाच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. मागच्या आठवड्यात मला चारदा थँक्यू म्हणालास. पुण्याचा माणूस चारदा थँक्यू म्हणतोय म्हणजे सामान बांधतोय."

अंकुर हसला, पण लगेच थांबला. "इंटरनॅशनल स्कूल आहे. फुल टाइम, काका. दोन मैदानं, स्वतःची जिम. क्षिप्राला फेब्रुवारीत बाळ होणार. कोच पुरवणाऱ्या एजन्सीच्या तासांच्या पैशांवर किती दिवस काढू?"

यात खोटं काहीच नव्हतं, ही अडचण होती. आधीच्या चौघांवर निदान चिडता तरी आलं होतं.

"जा की मग," रवींद्र म्हणाला. "चांगली नोकरी सोडून कोण बसतंय इथं."

"तुम्ही बसलात ना."

रवींद्र कोन एकात एक घालत राहिला.

"ऐका," अंकुर म्हणाला, "हेड कोचच्या जागेसाठी मॅडम कोहना मी तुमचं नाव सांगितलंय. म्हटलं, रवीकाका असताना बाहेर कशाला बघताय? त्या 'ओके, लेट्स सी' म्हणाल्या. तुम्ही फक्त कॉलेजच्या पोर्टलवर फॉर्म टाका. पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे."

माणसाला एका वाक्यातलं हवं तेवढंच ऐकू येतं. रवींद्रला 'तुमचं नाव सांगितलंय' एवढं ऐकू आलं. फॉर्मचं वाक्य वाऱ्यावर गेलं.

ते का गेलं, हे कळायला कोल्हापूरला जावं लागेल. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या तालमी चालवतात. रवींद्रच्या तालमीत एक रीत होती. कॅप्टन नेमायचा झाला की नाव आधी कुणी उच्चारायचं नाही. एका संध्याकाळी वस्ताद आणि दोन-तीन वडीलधारे त्या पोराच्या दारात येऊन उभे राहायचे. आत बसायचे, पाणी मागायचे, आईच्या तब्येतीची चौकशी करायचे, आणि उठता उठता वस्ताद खिशातली कॅप्टनची दंडपट्टी काढून पोराच्या आईच्या हातात द्यायचे. झालं. भाषण नाही, कागद नाही. मागायची तर सोयच नव्हती.

एकानं मागितलं होतं. प्रबोध माने. सत्त्याण्णव साली तालमीचा कॅप्टन गोव्याच्या क्लबात मोठ्या पगारावर गेला आणि जागा रिकामी झाली. सगळे जमलेले असताना प्रबोध उभा राहिला, हात मागं बांधले आणि वस्तादांना म्हणाला, मला कॅप्टन करा. पुढंही तो बरंच बोलला, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तालीम हसत होती. "अरे, अर्जदार आला," असं कुणीतरी ओरडलं आणि ते नाव प्रबोधला चिकटलं. शाहू स्टेडियमवर त्याच्या पायात बॉल आला की प्रेक्षकांतून अर्ज, अर्ज असा ओरडा व्हायचा. वर्षभरात त्यानं बूट टांगले. वस्ताद दंडपट्टी घेऊन आले ते रवींद्रच्या दारात. प्रबोध आपल्यापेक्षा चांगला खेळतो हे रवींद्रला तेव्हाही ठाऊक होतं. आणि 'अर्जदार' असं ओरडणारा तोच होता.

तर असा हा माणूस दोन हजार पाचमध्ये सेम्बावांगच्या एका शिपयार्डात सेफ्टी सुपरवायझर म्हणून आला. नंतर शनिवार-रविवारची हौस म्हणून कॉलेजात असिस्टंट कोच झाला. दोन वर्षांनी यार्डातली कामं आटली, नोकरी गेली आणि हौसेचंच पोट भरायचं साधन झालं. बायको सुलेखा बँकेत अकाउंट्सला होती म्हणून घर चाललं. आंग मो किओत नवव्या मजल्यावर फ्लॅट, मुलगी ऋता पॉलिटेक्निकला. वय एक्कावन्न. आता त्याला आयुष्याकडून फार काही नको होतं. एकच मोसम हवा होता. सामन्याआधी रेफ्रीकडं जो कागद जातो, त्यावर हेड कोच या ओळीसमोर त्याचं नाव हवं होतं. अकरा वर्षं ते दुसऱ्या ओळीत होतं, आणि त्यातही निम्म्या वेळा इंगवलेचं स्पेलिंग चुकलेलं.

पोरांनाही तेच हवं होतं. अंकुरचा केक कापून झाल्यावर गोलकीपर हाफिझ बोटाला लागलेलं क्रीम चाटत रवींद्रजवळ आला. "कोच, धिस टाइम यू, लह. न्यू वन कम, आय मस्ट टेल माय नेम अगेन."

"बघू," रवींद्र म्हणाला, आणि घरी जाताना एमआरटीत एक स्टेशन पुढं गेला, एवढा तो विचारात होता.

विचार असा, की मागच्या चार वेळा त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडम कोह, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख, दर वेळी कॉरिडॉरमध्ये थांबून सांगायच्या, "रवी, वी आर ॲडव्हर्टायझिंग द पोस्ट, यू नो, आह." रवींद्र दर वेळी अदबीनं "ओके, मॅडम" म्हणायचा. त्याला वाटायचं, बाई किती चांगल्या, आपल्याला माहिती देतात. चार वेळा त्या थांबल्या, चार वेळा क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि चारही वेळा तो ओके म्हणून बॉलच्या जाळ्या उचलायला गेला. पण या वेळी अंकुरनं नाव सांगितलं होतं. आता ते विचारणार. त्यांचं विचारायचं काम, आपलं थांबायचं.

शुक्रवारी संध्याकाळी ऋतानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "बाबा, टेन मिनिट्स ओन्ली. यू टॉक, आय टाइप."

"राहू दे गं. अंकुर बोललाय त्यांच्याशी."

"अंकुरदादा टोल्ड मी ऑल्सो. ही सेड फॉर्म इज मस्ट."

सुलेखा पोळ्या लाटत होती. ती पुण्याची, तिला तालमीची गोष्ट वीस वर्षांत पन्नासदा ऐकावी लागली होती. "अहो, बोटं झिजतात का फॉर्म भरून?"

"अकरा वर्षं झाली, सुलेखा. मी काय नवीन आहे? त्यांना दिसत नाही का?"

"दिसायला तुम्ही त्यांच्या पोर्टलवर असायला हवं. ते तुम्हाला शोधायला आपल्या पॅसेजमध्ये येणार नाहीयेत."

"चांगली माणसं येतात."

"हो ना. चहा टाकून ठेवू का रोज? वस्ताद कधी उगवतील, नेम नाही."

ऋता फिसकन हसली. रवींद्रही हसला. हसता हसता त्यानं लॅपटॉप हळूच मिटला, आणि त्या शुक्रवारी पोर्टल बंद झालं तेव्हा तो गच्च झोपलेला होता.

तीन आठवडे काही झालं नाही. सराव रवींद्रच घेत होता. हाफिझ उंच बॉलला गोललाइन सोडून पुढं यायला घाबरायचा, मागच्या वर्षी कुणाचातरी गुडघा त्याच्या डोक्यात बसला होता. रवींद्र रोज पंधरा मिनिटं त्याच्याकडं हातानं बॉल फेकायचा, आधी कमरेइतका, मग खांद्याइतका. फूटभर उंची वाढवायला आठवडा. वहीत लिहायचा, आज हाफिझ दोन पावलं पुढं आला. अशा अकरा वह्या होत्या, वर्षाला एक, मराठीत लिहिलेल्या. टीममधून गेलेलं प्रत्येक पोर त्यात होतं.

आणि मग गुरुवारी मॅडम कोहचा मेसेज आला. शनिवारी चार वाजता तुमच्या घरी आले तर चालेल का? मी जवळच्याच ब्लॉकमध्ये राहते. समोर बसून बोलायचं आहे.

रवींद्रनं मेसेज तीनदा वाचला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सुलेखासमोर फोन धरला. बोलायची गरजच नव्हती.

सुलेखानं वाचलं. तिनंही परत वाचलं. "घरी?" ती म्हणाली. सिंगापुरात कुणी कुणाच्या घरी असं काम घेऊन येत नाही. भेटायचंच तर खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर आहे, कॉफी आहे. तिच्या चेहऱ्यावरची पुणेरी खात्री जरा हलली. "अहो, खरंच आल्या की हो तुमच्या वस्ताद."

"मी म्हटलं नव्हतं?"

"एवढं काही फुगू नका. आधी येऊ देत." पण शनिवारी सकाळी तिनं वरच्या फडताळातले पांढरे कप काढले, जे दिवाळीलाही निघत नाहीत. साबुदाणा भिजवला. ऋताला सोफ्यावरची पुस्तकं उचलायला लावली. रवींद्रनं इस्त्रीचा शर्ट घातला, मग तो फारच झाला म्हणून बदलून टीमचा टी-शर्ट घातला, मग पुन्हा शर्ट. साडेतीनला त्याच्या लक्षात आलं की सरावाच्या रंगीत बंड्या, पोरांच्या दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून अंगावर चढवतात त्या, बाथरूमसमोर घामट ढिगात पडल्यात. अकरा वर्षं त्या घरच्याच मशिनीत धुतल्या जात होत्या. त्यानं घाईनं सगळ्या कोंबल्या आणि मशीन चालू केलं.

चारला दोन मिनिटं कमी असताना मॅडम आल्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, हातात बेकरीचा खोका आणि खांद्याला कापडी पिशवी. दारात चपला काढल्या, नीट एका रेषेत ठेवल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "सो हॉट टुडे. वॉटर, कॅन?"

रवींद्रनं सुलेखाकडं पाहिलं. पाणी मागितलं. सुलेखानंही त्याच्याकडं पाहिलं, आणि पेला आणायला वळताना तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला. मॅडमनी पाणी पिऊन संपवलं. मग विचारलं, तुमची आई कशी आहे, रवी? तुम्ही मागच्या वर्षी सुट्टी घेतली होती तिच्यासाठी.

"शी पास्ड अवे, मॅडम. इन जून," रवींद्र म्हणाला. त्याचे कान तापले होते. सगळं क्रमानं चाललं होतं. आईच्या हातात द्यायचं ते आता सुलेखाच्या हातात देतील, एवढाच काय तो फरक.

मॅडमनी पिशवीत हात घातला. त्यातून एक कागद आला. त्या कागदाकडं बघतच म्हणाल्या, की कॉलेजनं या वेळी एका कंपनीला काम दिलं आहे. हेड कोच, असिस्टंट, फिटनेसचा माणूस, सगळे त्यांचेच. सोमवारपासून. एजन्सीची चिठ्ठी तुम्हाला ईमेलनं येईलच, पण ईमेलनं कळणं मला बरं वाटलं नाही, म्हणून मी आले.

मशीन गदगद करत कपडे फिरवत होतं. सुलेखा वड्यांची बशी हातात घेऊन अर्ध्या वाटेत उभी होती.

"मॅडम," रवींद्र म्हणाला, "अंकुर टोल्ड यू माय नेम."

"येस, ही टोल्ड मी. आय वेटेड." मॅडम कोहनी पहिल्यांदा थेट त्याच्याकडं पाहिलं. "रवी, यू नेव्हर अप्लाय, व्हॉट. फाइव्ह टाइम्स ऑल्सो नेव्हर अप्लाय." दर वेळी मी तुम्हाला सांगत होते. तुम्ही ओके म्हणत होता. कमिटी मला विचारते, रवीचं काय? मी काय सांगू? फॉर्म नाही म्हणजे नाव नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला नकोच आहे. काही माणसांना नंबर टू राहायला आवडतं.

मॅडमनी कागद पुढं केला. त्यावर यादी होती, परत करायच्या सामानाची. बंड्या चोवीस, कोन चाळीस, स्टोअररूमची किल्ली एक. त्यानं पेन घेतलं आणि सही केली. न वाचताच केली, इतक्या चटकन, की मॅडम "टेक युअर टाइम" म्हणाल्या तेव्हा कागद त्यांच्याकडं परत गेलासुद्धा.

पोरांबद्दल नवीन कोचला काही नोट्स देता येतील का, असं त्यांनी विचारलं. "इफ यू हॅव."

हे मात्र होतं. रवींद्र उठला आणि आतून अकरा वह्या घेऊन आला. सगळ्यात वरची या वर्षीची. मॅडमनी उघडली, पान उलटलं, आणखी एक उलटलं, वही थोडी लांब धरून पाहिली.

"धिस वन व्हॉट लँग्वेज?"

"मराठी."

"ओह." त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "नेव्हर माइंड. यू कीप."

वडे त्यांनी दोन खाल्ले आणि ते आवडल्याचं मनापासून सांगितलं. बंड्या ओल्या आहेत कळल्यावर म्हणाल्या, घाई नाही, सोमवारी गेटवर गार्डकडं ठेवा. आत यायची गरज नाही. जाताना दारात चपला घालता घालता त्यांचे डोळे भरून आले, आणि हेच सगळ्यात वाईट झालं, कारण मग रवींद्रलाच त्यांची समजूत काढावी लागली. "इट्स ओके, मॅडम," तो म्हणाला. लिफ्ट येईपर्यंत उभा राहिला. लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात हलवला.

आत आल्यावर सुलेखा त्याला टोमणा मारणार, असं त्याला वाटत होतं. तिचा तो हक्कच होता. ती कप उचलत होती. "अर्धा कप चहा तसाच राहिलाय त्यांचा," एवढंच म्हणाली. मग सिंकपाशी गेली आणि नळ जोरात सोडला.

मॅडमनी आणलेल्या केकच्या खोक्यावर पोरांनी मार्करनं लिहिलं होतं, थँक्यू कोच रवी. ग्रुपवरची करडी ओळ या वेळी त्याच्या नावाची असणार होती. त्यानं फोन उघडला, ग्रुपमध्ये गेला. हाफिझचा मेसेज होता, कोच, मंडे सेम टाइम? मॅडमनी पोरांकडून खोक्यावर लिहून घेतलं होतं, पण सोमवारपासून रवींद्र येणार नाही हे बहुधा सांगितलं नव्हतं. रवींद्रनं उत्तर लिहिलं नाही. बाहेर पडायचं बटनही दाबलं नाही. पाच कोचांना ते इतकं सहज कसं जमलं, याचं त्याला नवल वाटलं.

मशीन वाजलं. त्यानं बंड्या काढल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूंवर एकेक चढवून चिमटे लावले. बारा पिवळ्या, बारा नारिंगी. नववा मजला, वारा होता. चोवीस रिकाम्या छात्या फुगून डोलायला लागल्या.

"बाबा," ऋता म्हणाली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. "सेम्बावांगला एक प्रायमरी स्कूल आहे. पार्ट टाइम कोच. क्लोझिंग टुडे. सगळं आय फिल्ड ऑल्रेडी, ओन्ली वन बॉक्स लेफ्ट. 'व्हाय डू यू वॉन्ट धिस पोस्ट.' दॅट वन यू मस्ट से."

"लहान पोरं?"

"सात-आठ वर्षांची. सो?"

"काय नाही." तो खुर्चीत बसला. पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनात एक उभी रेघ लुकलुकत होती. तो उठला आणि फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला.

प्रबोधचा नंबर त्याच्याकडं होता. वीस वर्षांपूर्वी एका मित्राकडून घेतला होता तेव्हा त्यानं तो 'अर्जदार' या नावानं साठवला होता, आणि दर नव्या फोनमध्ये ते नाव आपोआप पुढं येत राहिलं होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. इथं सहा वाजले होते, तिकडं साडेतीन. मागं लेथ मशीनची घरघर ऐकू आली. प्रबोधचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे एवढं त्याला माहीत होतं.

"कोण?"

"रव्या. रव्या इंगवले. सिंगापूर."

"आयला!" मग आवाज एकदम खाली आला. "कोण गेलं?"

"कोण न्हाई. सहज केला."

"सहज व्हय." लेथ थांबली. "बोल की."

"प्रबोध, त्या दिवशी तू वस्तादांना काय म्हणालावतास? शब्द कुठले वापरलेस?"

पलीकडं लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज झाला. कुठल्या दिवशी, असं प्रबोधनं विचारलं नाही.

"पाठ करून आलोवतो रं," तो म्हणाला. "आईसमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. चांगलं झालंवतं, आई म्हणाली. आता त्यातलं एक बी आठवत न्हाई. तुम्ही हसलासा, तेवढं आठवतंय."

"मी..."

"आसू दे. काय काम होतं का?"

"न्हाई."

"मग ठेवू? गिऱ्हाईक थांबलंय."

फोन बंद झाला. रवींद्रनं पॅसेजच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली बाकावर दोन म्हातारे गप्प बसले होते. मग तो आत आला आणि म्हणाला, "टाइप कर."

ऋतानं बोटं कळांवर ठेवली. "ओके. से."

तो टेबलापाशी आला, पण बसला नाही. पाठ ताठ केली. दोन्ही हात मागं गेले आणि एकमेकांत अडकले.

"बाबा, व्हाय यू स्टँडिंग?"

सुलेखानं स्वयंपाकघरातला नळ बंद केला आणि हात न पुसताच दारात येऊन उभी राहिली. खिडकीबाहेर बंड्या फडफडत होत्या. कुणीही हसत नव्हतं. रवींद्रनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाबा, पेज टाइम आउट होईल," ऋता हळूच म्हणाली.

"थांब की गं," तो म्हणाला. "आठवतोय."